गुंड कोण, आणि तो ठरविणार कोण?

(घिवलीकरांस व अवघ्या खाडीपट्टीच्या कष्टकरी बांधवांस उघड विनंती)

बांधवहो, सण जवळ आला की गावोगाव शांतता कमिटीची बैठक भरते. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सतरंजी अंथरली जाते, साहेबांकरिता खुर्ची येते, शाल येते, नारळ येतो, आणि साहेब उठून सांगतात की समाजकंटकांची गय केली जाणार नाही. पुढारी टाळ्या वाजवितात. मागे उकिडवे बसलेले मांगेले, भंडारी, वारली, सुतार, डाय कोरणारे कारागीर हेही टाळ्या वाजवितात. चहा होतो, गाडी धूळ उडवीत निघून जाते. या साऱ्या थाटात एक प्रश्न कोणी विचारीत नाही, तो आज आम्ही विचारणार आहोत. साहेब, समाजकंटक कोण हे ठरविले कोणी? आम्हांस विचारून ठरविले काय?

विचारले नाही हे उघड आहे. विचारले असते तर यादी निराळी झाली असती. आज यादीत कोण असतात ते पाहा. झाडाखाली दोन रुपये लावून पत्ते कुटणारे चार म्हातारे. फटफटीचा कर्कश आवाज करीत नाक्यावरून जाणारे पोरगे. पोटाला नाही म्हणून झोपडीत दारू विकणारी विधवा. ही माणसे गरीब, त्यांस पकडावयास श्रम नाहीत, त्यांचा वकील नाही, आणि महिनाअखेर कारवाईचा आकडा भरावयास ती उपयोगी पडतात. म्हणून यादीत ती पहिली.

आम्ही दारूची वा जुगाराची वकिली करीत आहोत असे कोणी समजू नये. दारूने कोणाचे घर बसते हे दारू पिणाराच्या बायकोस विचारा. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती कोण होती? हातावर पोट असलेली मजूर माणसे होती. त्या दारूत मिथेनॉल होते, म्हणजे कारखान्यात लागणारे रसायन होते. तेव्हा पोलिसांनी दारू बंद करावी हे आम्हांस हवेच आहे. पण रसायन ज्याने पुरविले तो मोठा चोर सोडून, दोन बाटल्या विकणारीच्या झोपडीवर दर महिन्यास धाड घालावयाची आणि तिसरे दिवशी धंदा पुन्हा सुरू व्हावयाचा, यास बंदोबस्त म्हणत नाहीत. यास हप्त्याची शेती म्हणतात, आणि तिला पाऊस लागत नाही.

आता आमची यादी ऐका.

आमच्या यादीत पहिले नाव आहे रात्री बारानंतर दिवे मालवून नाल्याशी उभा राहणाऱ्या टँकराचे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हजारावर कारखाने आहेत. त्यांत कापडाचे आहेत, औषधांचे आहेत, रंगांचे आहेत, पोलादाचे आहेत. त्यांनी आमच्या पोरांस काम दिले हे आम्ही नाकारीत नाही. पण कारखान्याचे विषारी पाणी शुद्ध करण्यास पैसा पडतो, आणि अंधारात नाल्यात ओतण्यास फक्त ड्रायव्हरचा भत्ता पडतो. हा प्रकार या पट्टीत नवा नाही, वर्तमानपत्रांतून तो वेळोवेळी छापून आला आहे. नाल्याचे पाणी खाडीस जाते, खाडी समुद्रास मिळते. निवट्या मेल्या, चिंबोरी नाहीशी झाली, खाजणातले शेत जळाले, जाळ्यात मासळीऐवजी फेस आला, तरी त्याची नोंद कोणत्या डायरीत होते? केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली, तीत तारापूरचा आकडा ९३.६९ लागला आणि साऱ्या हिंदुस्थानात घाणीत आमचा नंबर पहिला आला! पहिला नंबर आला म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत, आणि कोणास बेड्याही पडल्या नाहीत.

हे दुःख घेऊन हरित न्यायाधिकरणाकडे कोण गेले? पोलीस खाते गेले नाही, आमदार गेले नाहीत. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद गेली. जाळे विणणारी माणसे वकील करून न्यायाधिकरणापुढे उभी राहिली आणि सहा वर्षे उभी राहिली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने कारखान्यांवर व सामुदायिक सांडपाणी केंद्रावर भरपाईचा बोजा टाकिला. ज्या गुन्ह्याचा माग फौजदाराने काढावयाचा, तो कोळ्याने पदरमोड करून काढावा लागला. आम्ही विचारतो, पाण्यात विष कालविण्यास बंदी करणारा कायदा १९७४ सालापासून पुस्तकात आहे ना? मग नाक्यावर रात्री दोन वाजता फटफटीवाल्या पोराचे लायसन तपासणाऱ्या शिपायास तेथून जाणारा दहा हजार लिटरचा टँकर दिसत कसा नाही?

येथे कोणी म्हणेल की हे काम प्रदूषण मंडळाचे आहे, पोलिसांचे नव्हे. छान! एखाद्याने आपल्या विहिरीत विष टाकिले तर आपण पाणीपुरवठा खात्यास कागद लिहीत बसू काय? विष टाकणारा तो गुन्हेगार, आणि गुन्हेगार धरणे हे पोलिसांचे काम, एवढे शहाणपण तर घिवलीच्या शाळेतल्या पोरासही आहे.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. घिवलीच्या शेजारी अणुवीज केंद्र आहे, ते १९६९ साली सुरू झाले. तेव्हा हा किनारा फार नाजूक गणला जातो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. पोरबंदरची कुबेर नावाची मासेमारी नौका त्यांनी पळविली होती, आणि किनाऱ्यास लागताच त्यांच्यावर पहिली नजर गेली ती कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीतल्या माणसांची. त्या दिवसापासून सरकारास कोळ्याचा मोठा पुळका आला. सागर रक्षक दलाच्या बैठका, ओळखपत्रे, टोप्या, शिट्ट्या यांचा सुकाळ झाला. साहेब येऊन सांगू लागले की तुम्ही आमचे डोळे, तुम्ही आमचे कान.

ठीक आहे, आम्ही डोळे आणि कान. देशाच्या राखणीस आम्ही कधी ना म्हटले नाही, म्हणणारही नाही. पण साहेब, हेच डोळे जेव्हा खाडीवर तरंगणारी मेलेली मासळी पाहतात तेव्हा ते आंधळे कसे ठरतात? हेच कान जेव्हा रात्री पाइपातून पाणी सुटल्याचा आवाज ऐकतात तेव्हा ते बहिरे कसे होतात? परक्या होडीची खबर दिली की शाबासकी, आणि टँकराचा नंबर दिला की, ‘तुम्ही कशाला भानगडीत पडता?’ अशी समजूत. शरीर तुमचे, डोळे-कान आमचे, आणि तोंडास मात्र कुलूप! असल्या देहास जिवंत माणूस म्हणत नाहीत.

यादीत कोणाचे नाव पहिले घालावयाचे हा खेळ आजचा नाही. इंग्रजाने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फासेपारधी, कैकाडी, बेरड यांसारख्या जमातींत जन्मास आले की पोर गुन्हेगार. चोरी केली की नाही हा प्रश्नच नाही. बाप हजेरी देत होता म्हणून मुलगाही हजेरी देणार. स्वराज्य येऊन पाच वर्षे झाली तेव्हा कोठे, १९५२ साली, तो कायदा गेला. कायदा कागदावरून गेला, पण साहेबाच्या आणि आमच्याही डोक्यातून गेला काय? ज्यांस घर नाही, गाव नाही, ते सर्वच चोर, ही समजूत अजून घट्ट बसली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारिले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आले होते. मुले पळविणारी टोळी फिरते अशी आवई मोबाइलवरून पसरली होती, आणि परका व गरीब एवढाच त्यांचा गुन्हा होता.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे या. येथे लेखणी जड होते, पण गप्प बसणे पाप आहे. १६ एप्रिल २०२० ची रात्र. टाळेबंदी चालू होती. डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे सुरतेकडे अंत्यविधीस निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशी तीन माणसे जमावाने मारिली. त्या पट्ट्यात चोर आले आहेत, मुले पळवितात, अवयव काढून नेतात, अशी आवई कित्येक दिवस फिरत होती. गावकरी रात्री काठ्या घेऊन गस्त घालीत होते. दोनच दिवस अगोदर त्याच भागात मदतीस गेलेल्या एका डॉक्टरावर व पोलिसांवर जमाव धावून गेला होता. म्हणजे आग धुमसत होती, धूर दिसत होता. त्या आवईची खोटी मुळे खणून काढण्यास पाड्यापाड्यांवर किती अंमलदार गेले? पुढे काही पोलीस निलंबित झाले, तिघे बडतर्फ झाले, शंभरावर माणसे तुरुंगात गेली, आणि प्रत्येक पक्षाने आपापली पोळी त्या चितेवर भाजून घेतली.

ज्यांनी मारिले त्यांचा बचाव आम्ही करणार नाही. तीन निरपराध जीव गेले, त्यांचे रक्त काठी उचलणाऱ्या हातांवर आहे. आमच्या माणसांनी केले म्हणून ते कमी लाल होत नाही. पण यातून धडा कोणता घ्यावयाचा? साहेब म्हणतात, गावाच्या हाती राखण देऊ नये. आम्ही म्हणतो, उलट आहे. गस्त होती, पण तिला कायद्याची ओळख नव्हती. पोलीस होते, पण गावास त्यांची ओळख नव्हती. ज्या शिपायास गावाने धाड घालतानाच पाहिले, त्याने रात्री येऊन ‘ही माणसे चोर नाहीत’ असे सांगितले तर त्यावर विश्वास कोण ठेवील? विश्वास ही काही संकटाच्या वेळी ठाण्यातून काढून आणण्याची वस्तू नाही. ती वर्षभर गावात साठवावी लागते.

आवई हे हत्यार कोणाचे, हेही आपल्या मुलुखास ठाऊक असले पाहिजे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे वारली बांधव हजारोंनी जमले होते. वेठ व अर्धपोटी मजुरी यांविरुद्ध गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढारपणाने ते उठले होते. सावकार-जमीनदारांच्या माणसांनी खोटी हाकाटी करून त्यांस तेथे गोळा केले, आणि दुसरीकडे पोलिसांस सांगितले की हे चाल करून येत आहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. हाकाटी करणाराच्या अंगास ओरखडा आला नाही. १९४५ असो, २०१८ असो की २०२० असो, आवई उठविणारा घरी झोपतो, मारणारा तुरुंगात जातो, मरणारा मातीत जातो, आणि तिघांत पहिला सोडून बाकी दोघे गरीब असतात. म्हणून आमच्या यादीत दुसरे नाव या आवई उठविणाराचे आहे. मोबाइलवर खोटी बातमी पुढे ढकलणारा तुमचा भाचा असला तरी तो समाजकंटकच.

मग करावयाचे काय? नुसते बोटे मोडून भागणार नाही. सुदैवाने उदाहरण लांब शोधावे लागत नाही, शेजारच्या ठाणे जिल्ह्यातच आहे. भिवंडीत १९८४ साली मोठी दंगल झाली. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त तेथे आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. त्यांत शाल-नारळवाले पुढारी भरले नाहीत. मागवाले, कारागीर, दुकानदार, हिंदू व मुसलमान एकत्र बसविले, आणि त्यांच्याशी रोजचा संबंध ठेवण्याचे काम साध्या शिपाई-जमादारावर सोपविले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. बंदुका वाढल्या म्हणून नव्हे, ओळख वाढली म्हणून. केरळातही २००८ पासून जनमैत्री या नावाने बीटच्या शिपायास घरोघर जाऊन माणसे ओळखावयास लाविले. हे भिवंडीच्या मागवाल्यास जमले, तर खाडीच्या कोळ्यास व पाड्यावरच्या वारल्यास न जमावयास काय झाले?

यास नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ सालचा आहे. त्याप्रमाणे पोलीस पाटील हा गावातला सरकारी माणूस आहे. गुन्हा होऊ न देणे, झाला तर वर कळविणे, हे त्याचे काम. पूर्वीची पाटीलकी बापाकडून लेकाकडे जाई, ती वतने मोडली. आजचा पोलीस पाटील नेमलेला असतो, तेव्हा त्यास जाब विचारण्यास लाजू नका. वर्षाकाठी निदान चार ग्रामसभा भरविणे पंचायतीस बंधनकारक आहे. बेकायदा दारूविरुद्ध ग्रामरक्षक दल करण्याची तरतूद २०१६ साली झाली. गावातील अर्ध्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीस मत दिले तर परवान्याचे दुकानही बंद होते. अनुसूचित क्षेत्रातील गावांस तर १९९६ च्या पेसा कायद्याने दारूच्या बाबतीत अधिकच हक्क दिला आहे. हत्यारे आहेत, पण ती माळ्यावर गंजत पडली आहेत.

तेव्हा आमची सूचना अशी. पुढच्या ग्रामसभेत, दुसऱ्या कोणत्याही ठरावाच्या आधी, गावच्या बंदोबस्ताची यादी मांडा. पहिले काय, दुसरे काय, तिसरे काय, हे हात वर करून ठरवा. बायांस आधी बोलू द्या, कारण रात्री कोणत्या वाटेने जाण्यास भय वाटते हे त्यांसच ठाऊक. पाड्यावरच्या माणसांस मागे उकिडवे बसवू नका, पुढे बसवा. ठराव लिहा, सही-शिक्का करा, एक प्रत ठाण्यास व एक पोलीस अधीक्षकांस द्या आणि पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज म्हणजे समुद्रात टाकलेला दगड. सहा महिन्यांनी ठाणे अंमलदारास ग्रामसभेत बोलावून यादीचा हिशेब मागा.

टँकर दिसला तर त्यास अडवून ड्रायव्हरास मारू नका. तोही कोणाचा पोटार्थी नोकर आहे. गाडीचा नंबर, वेळ, जागा टिपा, फोटो काढा, ११२ वर कळवा आणि लेखी फिर्याद द्या. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविलीच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिले आहे. हद्द आमची नाही ही सबब नव्या फौजदारी संहितेत चालत नाही. ठाण्याने घेतली नाही तर अधीक्षकांस लेखी पाठवा, तेथे दाद न लागली तर मॅजिस्ट्रेटाकडे जा. परका माणूस दिसला तर त्यास पाणी द्या, नाव-गाव विचारा, पोलीस पाटलास बोलवा. काठी पहिल्याने कोणी उचलली तर त्याचा हात त्याच्या भावाने धरावा. जमावाने जात, भाषा, जन्मस्थान यांसारख्या कारणांवरून खून केला तर १ जुलै २०२४ पासून फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा पुस्तकात आहे, हेही ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.

आणखी एक सावधगिरी. गावाच्या हाती राखण आली म्हणजे गावातल्या दांडग्यांच्या हाती ती जाऊ देऊ नका. बंदोबस्ताच्या नावाने जातपंचायत भरवून एखाद्या घरास वाळीत टाकणे, पळून लग्न केलेल्या पोरीच्या बापास दंड करणे, हा बंदोबस्त नव्हे, ही दुसरी गुंडगिरी. सामाजिक बहिष्कारास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला तो उगीच नव्हे. टँकरवाल्यास जो नियम तोच गावच्या पंचास.

साहेब म्हणतील, माणसे कमी आहेत, ठाण्याची हद्द मोठी आहे, सगळीकडे पोचता येत नाही. खरे आहे, आम्ही मान्य करितो. शिपायाचेही हाल आहेत. तोही आमच्याच शेतकऱ्याचा, कोळ्याचा पोरगा, बारा-बारा तास उभा राहतो. पण माणसे थोडी असली म्हणजे तर काम निवडून करावे लागते, आणि निवड कोणाच्या सोयीने होते हाच आमचा सवाल आहे. घरात भाकरी एकच असली तर ती आधी कोणास द्यावी हे घरची माणसे ठरवितात, शेजारचा शेट ठरवीत नाही.

बांधवहो, गुंड कोण हे जोवर दुसरा ठरवितो, तोवर गुंड आपणच राहणार. म्हणून पुढच्या बैठकीस शाल-नारळ नेऊ नका, कागद-पेन्सिल न्या. साहेब भाषणास उठले की नमस्कार करून सांगा, ‘साहेब, बसा. आज आमची यादी ऐकावयाची आहे.’